अंत्यसंस्काराची घराणी

आपल्याकडे घरात कोणी वारले, म्हणजे पहिली हाक शेजाऱ्यांना जाते. कोणी बांबू आणावयास धावतो, कोणी मडके आणतो, कोणी सरणाच्या लाकडांची व्यवस्था पाहतो. आणि तिरडी बांधण्यात वाकबगार असलेला एखादा गृहस्थ न बोलावताच येऊन उभा राहतो. या कामाचा मोबदला तो मागत नाही. म्हणून अमेरिकेत हे सारे काम एका पेढीकडे सोपविलेले असते, आणि ती पेढी पिढ्यानुपिढ्या एकाच घराण्यात चालते, हे ऐकून आपणांस प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु या 'फ्युनरल होम'चा इतिहास पाहिला, म्हणजे त्याचाही आरंभ शेजारधर्मापासून फारसा दूर नव्हता, हे ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील माणूसही बहुधा घरीच मरे. त्याला स्नान घालणे, कपडे चढविणे ही कामे घरच्या व शेजारच्या स्त्रिया करीत. बाहेरून मुख्यतः एक वस्तू आणावी लागे, ती म्हणजे शवपेटी. आणि ती करून देई गावचा सुतार. एरवी खुर्च्या-टेबले करणारा हा कारागीर पुढे पेटीबरोबर घोडागाडीही पुरवू लागला, थडगे खणणाऱ्यांना निरोप धाडू लागला. लाकडी सामान आणि अंत्यसंस्कार या दोन्ही धंद्यांची एकच पाटी कित्येक गावांतून दिसू लागली ती अशी.

1861 ते 1865 या काळातील यादवी युद्धाने या सुताराच्या व्यवसायास निराळे वळण दिले. घरापासून शेकडो मैलांवर पडलेल्या मुलाचा चेहरा एकदा तरी दिसावा, अशी आईबापांची तळमळ असे. देहात रसायने भरून तो टिकविण्याची विद्या टॉमस होम्स व त्याच्यासारख्या इतरांनी त्या काळी प्रचारात आणली. 1865 मध्ये अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला, तेव्हा त्यांचा असाच टिकविलेला देह वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत सोळाशेहून अधिक मैल आगगाडीने नेण्यात आला. वाटेत ठिकठिकाणी लोकांनी त्यांचे अंत्यदर्शन घेतले, आणि या प्रक्रियेविषयीचा संकोच पुष्कळसा ओसरला.

आता नुसती पेटी करता येणे पुरेसे राहिले नाही. 1882 साली या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि 'अंडरटेकर' या जुन्या नावाऐवजी 'फ्युनरल डायरेक्टर' हे भारदस्त नाव रूढ होऊ लागले. पुढे मरण रुग्णालयात येऊ लागले, शहरांतील घरे लहान झाली. तेव्हा या व्यावसायिकांनी मोठी घरे घेतली. खाली दिवाणखान्यात प्रेताचे दर्शन, वर मालकाचे बिऱ्हाड, अशी कित्येक ठिकाणी रचना असे. 'होम' हा शब्द त्यामुळे सार्थ होता. खाली शोकाकुल मंडळी बसलेली असता वरच्या मजल्यावर पावले वाजवू नयेत, हा त्या घरांतील मुलांचा पहिला धडा. त्यांची लांबट शववाहिका कित्येक गावांत रुग्णवाहिकेचेही काम करी. 1966 च्या एका राष्ट्रीय अहवालानुसार देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका-सेवा याच व्यावसायिकांच्या हाती होती.

वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांच्या फ्युनरल होमला निराळेच महत्त्व आले. त्यांची गिऱ्हाइके स्वजनांतली. सबब गोरा मालक रुसला म्हणून त्यांची भाकरी जात नसे. 1955 साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची क्रूर हत्या झाली. त्याचा देह शिकागोत रेनर कुटुंबाच्या फ्युनरल होममध्ये आला. पेटी उघडलीच पाहिजे, आणि मुलाचे काय केले ते जगाने पाहिले पाहिजे, असा आईने आग्रह धरला. पेटी उघडी राहिली; हजारो लोकांनी ते दर्शन घेतले, आणि नागरी हक्कांच्या चळवळीला त्यातून मोठे बळ मिळाले. बर्मिंगहॅम येथील ए. जी. गॅस्टन यांचाही हाच व्यवसाय होता. 1963 साली मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगात असता त्यांच्या जामिनाचा पैसा गॅस्टन यांनीच उभा केला.

या व्यवसायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुःखाने भांबावलेला माणूस घासाघीस करीत नाही, आणि महाग पेटी नाकारणे म्हणजे मृताची अवहेलना, असे त्याला वाटते. याचा लाभ कसा उठविला जातो, हे जेसिका मिटफर्ड यांनी 1963 च्या आपल्या पुस्तकात परखडपणे मांडले. त्यानंतर एकवीस वर्षांनी, 1984 मध्ये, प्रत्येक सेवेची वेगवेगळी किंमत लेखी दाखविली पाहिजे आणि दूरध्वनीवरही सांगितली पाहिजे, असा संघराज्याचा नियम अमलात आला.

दरम्यान आणखी एक पालट झाला. ह्यूस्टन येथील रॉबर्ट वॉल्ट्रिप हे अशाच एका घराण्यातले. घरचे फ्युनरल होम हाती आल्यावर त्यांनी दुसरी विकत घेण्यास आरंभ केला आणि 1962 साली कंपनी स्थापन केली. आज तिच्याकडे चौदाशेहून अधिक फ्युनरल होम आहेत. विकत घेतलेल्या पेढीवरचे जुने घराण्याचे नाव सहसा बदलले जात नाही, कारण लोकांचा विश्वास त्या नावावर असतो. पाटी आजोबांची, मालकी दूरच्या भागधारकांची! तरीही तेथील बहुसंख्य फ्युनरल होम अद्याप खाजगी मालकीचीच आहेत, आणि त्यांत कौटुंबिक पेढ्या पुष्कळ आहेत.

आपल्या शहरांतूनही आता अंत्यविधीचे सारे साहित्य एका दुकानात मिळते, आणि शववाहिका दूरध्वनीवर बोलावता येते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची ती गरज आहे. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र अमेरिकेला जो नियम करावयास शतकाहून अधिक काळ लागला, त्यातला बोध आपण आजच घ्यावा. घरात दुःख कोसळले असता किंमत विचारण्याचे काम घरच्यांवर पडू नये. ते एखाद्या शेजाऱ्याने पुढे होऊन करावे. तिरडी बांधता येत नसली, तरी एवढा शेजारधर्म कोणालाही पाळता येईल.