एसी चालू आहे, पण खोली गार होत नाही

जुलैची दुपार. न्यू जर्सीतली जुनी इमारत, तिसरा मजला, भाड्याचं घर. खिडकीतला एसी सकाळपासून घुरघुरतोय, तरी पुण्याहून आलेली आजी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसली आहे. तिकडून काका फोनवर सांगतात, "गॅस संपला असेल. भरून घ्या!"

असं तुमच्याकडे झालं, तर काकांचं ऐकण्याआधी जरा थांबा.

एसी गारवा तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि खिडकीबाहेर टाकतो. ही उष्णता वाहून नेतो तो गॅस. तो बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतो, गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झालाच असेल, तर नळीला कुठेतरी गळती आहे. नुसता भरला तर पुन्हा निघून जाईल. शिवाय अमेरिकेत हे काम प्रमाणपत्र असलेल्या तंत्रज्ञानेच करायचं असतं, आणि लहान विंडो एसीच्या बाबतीत बऱ्याचदा नवा एसीच स्वस्त पडतो.

सुदैवाने दोष बहुधा साधा असतो. एसी बंद करा, प्लग काढा आणि पुढची जाळी उघडा. आत एक पातळ फिल्टर असतो. तो धुळीने करडा झाला असेल, तर हवा आत जाणार कशी? कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मगच परत बसवा. उन्हाळ्यात हे महिन्यातून एकदा तरी करावं.

फिल्टरच्या मागे बर्फ दिसला तर घाबरू नका. चाकूने खरवडू तर मुळीच नका, नळी फुटेल! हवा कमी मिळाली की नळ्यांवर बर्फ साचतो. फक्त पंखा चालू ठेवा, एक-दोन तासांत बर्फ वितळेल. स्वच्छ फिल्टर लावूनही पुन्हा बर्फ आला, तर मात्र तंत्रज्ञ हवा.

मग खिडकीच्या फटींवरून हात फिरवा. गरम झुळूक लागली तर तिथे फोमची पट्टी लावा. काही एसींना बाहेरची हवा आत घेणारी छोटी खिटी असते, ती बंद हवी. आणि आतून पाण्याचा डुबुक डुबुक आवाज आला तर तो बिघाड नव्हे. अनेक एसींचा मागचा पंखा तेच पाणी गरम नळ्यांवर उडवतो.

आता मोजून बघा. एसी पंधरा मिनिटं चालू द्या. स्वयंपाकघरातला थर्मामीटर घ्या. एसीत शिरणारी हवा 80 अंश फॅरेनहाइट असेल, तर बाहेर पडणारी साधारण 60 ते 65 असायला हवी. इतका फरक असूनही खोली तापलेलीच असेल, तर एसी ठीक आहे, खोली मोठी आहे. 5000 बीटीयूचा एसी सुमारे 150 चौरस फुटांच्या खोलीपुरता असतो. तो हॉल आणि स्वयंपाकघर दोन्ही कसं गार करणार?

फरक फारच कमी आला, तर घरमालकाला कळवा. एसी त्यांचा असेल तर स्क्रू काढत बसू नका. काही मोडलं तर डिपॉझिटमधून पैसे कापले जातील. "एसी चालत नाही" एवढंच लिहू नका. फिल्टर कधी धुतला, आकडे किती आले, बर्फ दिसला का, ते लिहा आणि फोटो जोडा. असा निरोप टाळणं कठीण जातं.

उत्तर येईपर्यंत दिवसा पडदे ओढून ठेवा, ओव्हन लावू नका. आजीला दुपारी लायब्ररीत घेऊन जा. तिथे चांगलं गार असतं. ती "मला काही होत नाही गं" म्हणेल, पण म्हाताऱ्या माणसांना उकाडा लवकर बाधतो. ती गोंधळल्यासारखं बोलू लागली किंवा तिची शुद्ध हरपली, तर लगेच 911 ला फोन करा. एसीचं नंतर बघता येईल.