डिप्रेशनची गोळी आणि काळ्या चौकटीतला इशारा

दहावी-अकरावीतल्या मुलाला डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'या गोळ्यांमुळेच मुलं जिवाचं बरंवाईट करतात.' दुसरा म्हणतो, 'हल्ली सगळेच घेतात, काही होत नाही.' पहिल्याने अर्धवट वाचलेलं असतं, दुसऱ्याने काहीच वाचलेलं नसतं.

पहिल्या समजाला आधार आहे. ऑक्टोबर 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने (एफडीए) डिप्रेशनवरच्या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकात काळ्या चौकटीतला इशारा सक्तीचा केला. 24 चाचण्या आणि सुमारे 4,400 मुलांची माहिती एकत्र तपासल्यावर आढळलं, की औषध घेणाऱ्या मुलांपैकी 4 टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार आले किंवा वागण्यात तशी लक्षणं दिसली. औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 2 टक्के होतं. धोका दुप्पट झाला, हे खरं. त्या चाचण्यांत एकाही मुलाने प्रत्यक्ष आत्महत्या केली नाही, हेही तितकंच खरं. पण ते क्वचितच कुणी सांगतं. 2007 मध्ये हा इशारा 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू झाला. मात्र त्यात बंदी कुठेच नाही. गोळी सुरू केल्यावर आणि डोस बदलताना मुलावर नजर ठेवा, एवढंच तो सांगतो.

नजर ठेवायची म्हणजे काय पाहायचं? मूल एका जागी बसेनासं होतं. रात्री दोन वाजता खोलीत येरझाऱ्या घालतं, कारण नसताना अंगावर येतं, 'आतून कसंतरी होतंय' म्हणतं. आईवडील म्हणतात, परीक्षेचं टेन्शन असेल. पण गोळी नुकतीच सुरू झाली असेल किंवा डोस वाढला असेल, तर हे त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. कधी उलटंच होतं: झोप नाही तरी थकवा नाही, बडबड थांबत नाही, बेत आभाळाएवढे. मग आजार डिप्रेशन नसून बायपोलर असण्याची शक्यता असते. म्हणून घराण्यात कुणाला असा आजार होता का, हे डॉक्टरांनी विचारलं की काकांचं दुखणं झाकून ठेवू नये.

'गोळ्या सगळ्या सारख्याच' हा समज मला अधिक धोक्याचा वाटतो. पॅरोक्सेटिनचंच पाहा. 'स्टडी 329' नावाच्या चाचणीवरचा लेख 2001 मध्ये छापून आला. किशोरांसाठी हे औषध गुणकारी आणि सोसवणारं आहे, असा त्याचा दावा. 2003 मध्ये ब्रिटनच्या नियंत्रकांनी अठराच्या आतल्यांना डिप्रेशनसाठी ते देऊ नये असं बजावलं. 2015 मध्ये मूळ नोंदी पुन्हा तपासून निघालेला निष्कर्ष तर सरळ उलटा होता: गुण दिखाऊ गोळीइतकाच, त्रास मात्र जास्त. त्याआधी 2012 मध्ये हे औषध बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकी सरकारशी 3 अब्ज डॉलरची तडजोड केली होती आणि लहान वयासाठी या औषधाचा केलेला प्रचार हा त्यातला एक आरोप होता. फ्लुऑक्सेटिनची गोष्ट वेगळी. किशोरांच्या डिप्रेशनमध्ये त्याच्या बाजूने पुरावा सर्वांत भक्कम आहे. त्याला एफडीएची मान्यता वयाच्या आठव्या वर्षापासून पुढे आहे, एस्सिटालोप्रामला बारापासून. तेव्हा 'हेच औषध का?' असं डॉक्टरांना विचारण्यात कसला आगाऊपणा नाही.

नुसतं समुपदेशन पुरतं का? सौम्य डिप्रेशनमध्ये सुरुवात त्यानेच करावी. मध्यम ते तीव्र आजारात मात्र 2004 ची एक मोठी अमेरिकी चाचणी बोलकी आहे. 12 ते 17 वयाच्या 439 मुलांपैकी गोळी आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्या गटात 71 टक्के बारा आठवड्यांत सुधारले, नुसत्या फ्लुऑक्सेटिनवर 61, नुसत्या समुपदेशनावर 43 आणि दिखाऊ गोळीवर 35.

'सवय लागते' ही भीती बहुधा झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्यांवरून आलेली. डिप्रेशनच्या गोळीची दारूसारखी तलफ येत नाही. पण बरं वाटलं म्हणून ती एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात झिणझिण्या असा त्रास होतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनमध्ये जास्तच. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायची असते.

आपल्याकडे खरी अडचण 'दोन महिन्यांनी दाखवा' म्हणण्यात आणि तोवर जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून पाकिटं आणत राहण्यात आहे. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं पहिले चार आठवडे दर आठवड्याला संपर्क ठेवायला सांगतात. तशी तारीख मागून घ्या, पाकीट आपल्या ताब्यात ठेवा, रोजची गोळी स्वतः हातात द्या. मूल मरणाची भाषा बोललं तर त्याला एकटं सोडू नका आणि पुढच्या तारखेची वाट पाहू नका; डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांकही चोवीस तास सुरू असतो.