वॉटचा आकडा आणि कानाचा हिशेब

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत होम थिएटरचा रिसीव्हर पाहायला गेलात, तर नजर आधी खोक्यावरच्या वॉटवर जाते. आकडा मोठा तेवढा आवाज मोठा, हा आपला समज. कानाचा हिशेब मात्र निराळा असतो.

वॉट दुप्पट केले, तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. तो कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. म्हणजे ५० वॉटऐवजी १०० वॉटचा रिसीव्हर घेतला, तर पैसे खूप जातात आणि फरक जेमतेम कळतो. उलट ८५ ऐवजी ८८ डेसिबल संवेदनशीलतेचे स्पीकर निवडले, की तेवढीच वाढ एकही वॉट न वाढवता मिळते.

शिवाय आकडा मोजला कसा, तेही बघा. एकच चॅनेल चालवून, ६ ओहमवर, १० टक्के विकृतीसह मिळालेले १५० वॉट दिसायलाच मोठे. दोन चॅनेल, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि ०.१ टक्क्याहून कमी विकृती, अशा अटींवरचे ७० वॉट जास्त प्रामाणिक. ‘पीएमपीओ’ हा क्षणिक कमाल शक्तीचा फुगवलेला आकडा तर विसराच.

फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या हॉलला ५.१ चॅनेल पुरतात. टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे आणणारे एचडीएमआय ईआर्क आणि माइक लावून खोलीनुसार आवाज जुळवण्याची सोय हवीच. उरलेले पैसे स्पीकरवर घाला.

आणि हो, निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजाऱ्यांचे कानही हिशेबात धरा!