कळांच्या वेळची सोबतीण

'डूला' हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ सेविका. काम मात्र आपल्या ओळखीचे. कळा सोसणाऱ्या बाईची पाठ चोळायची, पाणी पाजायचे, धीर द्यायचा. आमच्या घरात हे खाला करी, तुमच्या घरात मावशी. बाळंतपण दवाखान्यात गेले आणि मावशी दाराबाहेर राहिली.

२०१६ साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एका स्त्री-नातेवाइकाला आत राहू देण्याची सूचना काढली. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिने कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा अटी घातल्या.

पैसे देऊन डूला ठेवायची असेल तर सातव्या महिन्यातच भेटा. विचारा, मध्यरात्री येणार का? तुम्हाला जमले नाही तर बदली कोण? दवाखाना आत घेईल का, हेही आधीच पाहा. डूला म्हणजे सुईण नव्हे, डॉक्टरही नव्हे. 'मीच तपासीन, औषध देईन, सिझेरियन होऊच देणार नाही' म्हणणारीला दारातूनच नमस्कार करा.

निवड सासूची नको, नवऱ्याचीही नको. जिला कळा येणार, तिची असावी. जिच्यापुढे तिला मोकळेपणी ओरडता येईल, तीच मी योग्य मानतो.