बक्षीसपत्र करण्याआधी

घर मुलाच्या नावावर झाले आणि दोन वर्षांत आईची खाट गॅलरीत आली, अशा तक्रारी प्रांत कार्यालयांना नव्या नाहीत. तिथेच भरते ज्येष्ठांसाठीचे निर्वाह न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने साठी ओलांडलेल्यांना ही वाट दिली, तरी अनेकांना ती ठाऊकच नसते.

अर्ज साध्या कागदावर चालतो. वकील द्यावाच लागतो असे नाही आणि अर्जदाराला चालवत नसेल तर त्याच्या वतीने दुसऱ्यालाही अर्ज करता येतो. मुलांकडून दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल लागावा, असे कायदा म्हणतो. तारखा मात्र आपल्या चालीने पडतात.

खरी मेख कलम 23 मध्ये आहे. ‘सांभाळ करीन’ या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, परत मिळू शकते. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली बरी. तोंडी शब्दावर विसंबलेल्यांना पुढे पुराव्यासाठी धावाधाव करावी लागते. संकोचापोटी ती एक ओळ गाळली जाते.

कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल, तर 14567 ही मोफत हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते.