अर्ध्या वेगाचा रियाज

तबल्यावर 'तिरकिट' हा बोल चार अक्षरांचा. 'ति' मधल्या बोटाने, 'र' तर्जनीने, 'कि' डग्ग्यावर डावा पंजा सपाट टाकून आणि 'ट' पुन्हा उजव्या हाताने. तीनतालाची लय मिनिटाला १८० मात्रांवर गेली आणि चौगुनीत, म्हणजे मात्रेला चार अक्षरांनी, रेला सुरू झाला, की सेकंदाला १२ अक्षरं वाजतात. म्हणजे अख्खा 'तिरकिट' एक तृतीयांश सेकंदात उरकतो. त्यातला शेवटचा 'ट' एकट्या मधल्या बोटाचा की मधलं आणि अनामिका जोडून, हे मैफलीत पहिल्या रांगेत बसूनही नीट कळत नाही. व्हिडिओवरून शिकणाऱ्याला तर वेग कमी केल्याशिवाय गत्यंतर नाही.

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका मराठी घरी संध्याकाळी तबल्याचा क्लास चालतो. तिथे हे काम मी जवळून पाहिलं. या शहरात अजराडा घराण्याच्या आडाच्या लयीतल्या कायद्यांचं प्रेम जुनं आहे. अजराडा बाजाचे सुधीरकुमार सक्सेना इथल्या विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवत होते. क्लासमध्ये बायाँ-दायाँच्या दोन जोड्या, त्यांच्या शेजारी चौरंगावर एक संगणक. बारावीतली एक विद्यार्थिनी जुन्या सोलो वादनाचा व्हिडिओ घेऊन बसली होती.

व्हीएलसी या प्लेअरमध्ये फाइल उघडून तिने आधी हवा तो तुकडा ठरवला. 'व्ह्यू'मधून 'अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोल्स' पुढे आणले आणि ए-बीच्या बटणाने रेल्याचं एकच आवर्तन बांधून घेतलं. आता तेवढाच भाग पुन्हा पुन्हा वाजत राहणार. मग डावीकडच्या चौकोनी कंसाची कळ पाच वेळा दाबली. दर वेळी वेग एक दशांशाने उतरत खालच्या कोपऱ्यात ०.५० आलं. बरोबरच्या चिन्हाची कळ दाबली की वादन मूळ वेगावर परत येतं. तिचा एक हात कळफलकावर, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि वहीत मात्रांच्या रेघा आधीच मारलेल्या. ऐकायचं, एका मात्रेची अक्षरं लिहायची, पुन्हा ऐकायचं, मग तोंडाने पढंत करून ताडून बघायचं.

लिहिता लिहिता ती अडली. एका मात्रेत पाच अक्षरं येत होती आणि चौगुनीत पाचवं बसायला जागा नव्हती. "सर, इथे 'ति' दोनदा वाजतोय," ती म्हणाली. सरांनी दोन वेळा ऐकलं आणि म्हणाले, "दुसरा 'ति' वाजवणाऱ्याचा नाही गं, तो यंत्राने घातलाय. सूर उतरू दे, मग ऐक."

यंत्र 'ति' कुठून घालतं? ध्वनिमुद्रण नुसतं अर्ध्या वेगाने चालवलं तर सूरही एक सप्तक खाली जातो. टेपरेकॉर्डरवर हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आजचे प्लेअर सूर जागच्या जागी ठेवून वेग बदलतात आणि त्यासाठी आवाजाचे बारीक तुकडे करतात. व्हीएलसीत असा तुकडा साधारण ३० मिलिसेकंदांचा असतो. वेग अर्धा केला की हे तुकडे एकमेकांवर थोडे चढवून, जवळपास दुप्पट वेळा वापरून वाढलेली वेळ भरून काढली जाते. लांब चाललेल्या स्वराला हे मानवतं, कारण त्यातला एक तुकडा शेजारच्या तुकड्यासारखाच असतो. तबल्याच्या आघाताचं तसं नाही. शाईवर बोट पडण्याचा क्षण काही मिलिसेकंदांचाच असतो. नेमका तोच तुकडा दोनदा आला की एका आघाताचे दोन ऐकू येतात. या पद्धतीचा हा स्वभाव आहे, मग प्लेअर कुठलाही असो.

उपाय सोपा आहे. 'टूल्स'मधल्या 'प्रेफरन्सेस'मध्ये ऑडिओखाली 'टाइम-स्ट्रेचिंग'ची खूण काढायची, सेव्ह करायचं आणि फाइल पुन्हा उघडायची. तिने तसं केलं. आता दायाँ एक सप्तक उतरून घोगरा वाजू लागला, डग्गा तर जमिनीखालून आल्यासारखा. पण अक्षरं चारच होती आणि एकेक सुटी होती. वहीतला जादा 'ति' तिने खोडला. यूट्यूबच्या मेन्यूत वेग पाव पटीपासून दुपटीपर्यंत बदलता येतो, पण सूर मोकळा सोडायची सोय तिथे नाही. म्हणून तालाच्या कामाला संगणकावरची फाइल आणि असा प्लेअर बरा.

कानाचा प्रश्न सुटला, डोळ्यांचा राहिला. 'ट'ला नेमकं कोणतं बोट? तिने वेग पावपट केला. चित्र अडखळत सरकू लागलं. 'ई' कळ दाबत एकेक चित्र पुढे नेलं, तर एका चित्रात बोट वर, पुढच्यात शाईवर आणि तेही पुसट. मागचा हिशेब असा. बऱ्याच जुन्या व्हिडिओंत सेकंदाला २५ चित्रं असतात. सेकंदाला १२ अक्षरं वाजत असतील तर एका अक्षराच्या वाट्याला जेमतेम दोन चित्रं येतात. वेग कितीही कमी करा, तिसरं चित्र येणार कुठून? जी दोन आहेत तीच जास्त वेळ पडद्यावर थांबतात. आवाजाची गोष्ट अगदी वेगळी. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात, म्हणजे त्याच एका अक्षराच्या वाट्याला साडेतीन हजारांहून अधिक. वेग कमी केला की चित्र लवकर आटतं, आवाज मात्र पुरून उरतो. म्हणून जाणते शिक्षक सांगतात की आधी डोळे मिटून ऐका, पडद्याकडे नंतर बघा.

सरांनी मग स्वतः तबला पुढे ओढला आणि तिला मोबाइलवर स्लो मोशनमध्ये हात टिपायला सांगितलं. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या मोबाइलवर त्याच अक्षराला वीस चित्रं मिळतात. त्यात 'ट'चं बोट स्वच्छ दिसलं. त्याहून मोलाचं म्हणजे मनगट जवळजवळ हललं नव्हतं. सगळी हालचाल बोटांच्या मुळांशी होती. ही गोष्ट वहीत लिहून कळली नसती.

गाणाऱ्यांचं गणित याच्या उलट आहे. तान उतरवून घेताना टाइम-स्ट्रेचिंग चालूच ठेवायला हवं. मग तानपुरा आपल्या पट्टीत राहतो, षड्ज हलत नाही आणि ऐकता ऐकता सोबत गाता येतं. सपाट वाटलेल्या तानेत कुठे कण लागला, कुठे एक स्वर दोनदा आला, हे ०.७५ वर उलगडतं. पण फार खाली उतरलं की मींड रटाळ होते आणि दरबारीच्या गंधाराचं आंदोलन निराळंच भासतं. गमकेतला झोक त्या वेगाशी बांधलेला असतो. वेग मोडला की झोकही मोडतो.

जुन्या तबकड्यांसाठी हाच वेगाचा आकडा तिसऱ्या कामाला येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कित्येक तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ ने वाजवून संगणकात घेतली असेल तर गायक जवळपास अर्ध्या स्वराने वर चढलेला ऐकू येतो आणि लयही अंगापेक्षा चपळ होते. तेव्हा टाइम-स्ट्रेचिंग बंद करून वेग ०.९५ वर आणायचा, की सूर आणि लय एकदम जागेवर येतात. गायक फैयाज खाँसाहेबांच्या बडोद्यात, जिथे १९५० साली त्यांचं निधन झालं, जुन्या तबकड्या आपुलकीने ऐकणारे आजही भेटतात. आवाज आपल्या खऱ्या पट्टीत ऐकणं हा त्यांच्यासाठी गायकाला दिलेला मान आहे.

निसटणारा सूर थांबवून न्याहाळण्याचा हा उद्योग बडोद्याला नवा नाही. १८८६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी इथे गायनशाळा सुरू केली आणि स्वतःची स्वरलेखन पद्धत शिकवली. १९१६ साली पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. घराण्याच्या उंबऱ्याआड असलेली विद्या कागदावर आली, की कुणालाही ती आपल्या गतीने वाचता येते, हा त्या खटपटीमागचा विश्वास होता. त्या गायनशाळेचा वारसा सांगणारी विद्याशाखा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहे. वेग कमी करण्याची कळ हे मला त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल वाटतं. ज्याला रोज गुरूसमोर बसणं जमत नाही, त्यालाही ती एक दार उघडून देते.

आज बहुतेक जण ही सोय उलट्या दिशेने वापरतात. व्याख्यान दीडपटीने, मुलाखत दुपटीने. माहिती गोळा करायची असेल तर ते ठीक आहे. पण ज्या विद्येत हाताला, गळ्याला वळण लावायचं असतं, तिथे घाई करून काही हाती लागत नाही. आपल्या संगीताने हे फार पूर्वी ओळखलं. म्हणून आधी ठाय, मग दुगुन, मग चौगुन.

मात्र यंत्राचा अर्धा वेग आणि हाताची ठाय लय एक नव्हे. पडद्यावर मंद झालेला हात मुळात वेगातच वाजलेला असतो. त्याचा दाब, त्याची उडी, त्याचं वजन वेगाचं असतं. विद्यार्थ्याला ठायीत स्वतःच्या हातातून वेगळा नाद काढावा लागतो आणि तो नाद न बिघडवता लय वाढवावी लागते. त्या क्लासची शिस्त मला म्हणूनच पटली. अर्ध्या वेगाने ऐकून अक्षरं लिहा, संगणक बंद करून ती ठायीत घोटा आणि हात बसला की मूळ वादन पूर्ण वेगाने पुन्हा ऐका. तेव्हा वाटेतला प्रत्येक 'तिरकिट' वेगळा ऐकू येऊ लागतो. वेग तोच असतो, कान तयार झालेला असतो. आणि कान एकदा असा तयार झाला, की पुढच्या रेल्याला ती कळ आधीइतकी लागत नाही.