जामीन मंजूर, पण जामीनदार कोठें आहे?

१८९७ सालच्या ऑगस्टांत मुंबईच्या हायकोर्टांत लोकमान्य टिळकांचा जामिनाचा अर्ज न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढें निघाला. तत्पूर्वीं तो नामंजूर झाला होता. आरोपीस बचावाची तयारी करण्यास मोकळीक हवी, हें जाणून तय्यबजींनीं तो मंजूर केला. अर्ज चालविणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. आणि पुढें १९०८ सालीं न्यायासनावर बसून त्याच टिळकांचा जामीन नाकारणारेही तेच दावर! ही विसंगति महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. परंतु त्या कथेंतील एक गोष्ट आम्ही सहसा लक्षांत घेत नाहीं. १८९७ सालीं टिळकांस जामीन राहण्यास ऐपतदार माणसें पुढें आलीं. ज्याच्यासाठीं कोणीच पुढें येत नाहीं, त्याचें काय?

याचें उत्तर पाहिजे असल्यास मोतीराम नांवाच्या गवंड्याचा १९७८ चा खटला पाहावा. प्रत्यक्ष सुप्रीम कोर्टानें त्यास जामीन देऊं केला होता. परंतु मध्य प्रदेशांतील मॅजिस्ट्रेटनें दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तेव्हां 'याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यांत आहे' म्हणून त्यास परत पाठविलें. गवंड्यानें दहा हजार कोठून आणावे? त्याला पुन्हा सुप्रीम कोर्टाची पायरी चढावी लागली. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्याच्या स्वतःच्या एक हजाराच्या मुचलक्यावर त्यास सोडविलें. आमचे व्यापारी बंधु उधारी देतांना माणसाची पत पाहतात. तें रास्तच आहे. पण पत नाहीं म्हणून माणसास कोठडींत ठेवणें हा कोणत्या पेढीचा हिशेब?

पुढल्याच वर्षीं, १९७९ च्या जानेवारींत, 'इंडियन एक्स्प्रेस' पत्रांत के. एफ. रुस्तमजी यांचे बिहारच्या तुरुंगांवरील लेख आले. त्यांवरून श्रीमती कपिला हिंगोरानी या वकीलबाईंनीं थेट सुप्रीम कोर्टांत अर्ज केला. ज्यांच्यासाठीं अर्ज, त्यांस त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. त्यांपैकीं कोणीं त्यांस फी दिली नव्हती. हाच तो हुसैनारा खातून यांच्या नांवाचा खटला. कोर्टापुढें जें आलें तें वाचून कोणत्याही कायदेपंडितास लाज वाटावी. गुन्हा शाबीत होऊन जास्तींत जास्त जेवढी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ कित्येकांनीं चौकशीवांचूनच तुरुंगांत काढला होता. न्यायमूर्ति भगवती यांनीं निर्णय दिला कीं, त्वरित चौकशी हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतीलच हक्क आहे, आणि गरिबास सरकारखर्चानें वकील देणें ही मेहेरबानी नव्हे. या खटल्याच्या ओघानें सुमारें चाळीस हजार कच्चे कैदी सुटले, असें सांगितलें जातें.

आतां वर्तमानाकडे वळूं. सरकारच्याच आंकड्यांप्रमाणें २०२२ च्या अखेरीस देशांतील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते, आणि त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे. म्हणजे चारांतील तिघांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचाच होता! कायदा नाहीं म्हणून हें झालें, असें कोणीं म्हणूं नये. आरोपपत्र साठ किंवा नव्वद दिवसांत न आल्यास जामीन मिळण्याचा हक्क आरोपीस आहे. मात्र त्यांत एक मेख आहे. मुदत संपल्यावर त्यानें अर्ज केला पाहिजे. त्याआधीं आरोपपत्र येऊन पडलें कीं हक्क गेला. एकसष्टाव्या दिवशीं सकाळीं अर्ज घेऊन उभा राहणारा वकील ज्यास आहे, तो घरीं जातो. ज्यास नाहीं, त्यास असा हक्क होता हेंही कोणी सांगत नाहीं.

म्हणून या क्षेत्रांतील वकिलाचें काम फर्ड्या वक्तृत्वाचें नाहीं, कारकुनी चिकाटीचें आहे. तुरुंगांत जावें, नांव, कलम, अटकेची तारीख लिहून घ्यावी, दिवस मोजावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमानें पहिल्याच गुन्ह्याच्या आरोपीस कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ भरतांच सुटकेचा मार्ग खुला केला. फांशी-जन्मठेपेचे गुन्हे अर्थात् वगळून. पूर्वींच्या खटल्यांनाही तें लागू आहे, असें सुप्रीम कोर्टानें ऑगस्ट २०२४ मध्यें मान्य केलें. परंतु ज्याच्यावर एकाहून अधिक खटले चालू आहेत त्यास हा लाभ नाहीं, हें व्यंग त्यांत राहिलेंच आहे.

'चोर-दरोडेखोरांचा एवढा कैवार कशाला?' असें आम्हांस वारंवार विचारण्यांत येतें, आणि विचारणारे बहुधा सज्जन असतात. त्यांस आमचा प्रतिप्रश्न असा: चोर कोण, हें ठरावयाचें कोठें? कोर्टांत कीं पोलीसचौकींत? आणि आमच्या व्यवसायबंधूंसही दोन शब्द सुनावणें प्राप्त आहे. मोफत कायदेमदतीचा कायदा १९८७ सालीं झाला, तो अमलांत येण्यास १९९५ उजाडलें. आणि अजूनही असें काम नवख्या वकिलानें हात बसविण्यासाठीं करावयाचें, अशी समजूत आमच्या बाररूममध्यें आहे. आम्हीही तरुणपणीं तसेंच समजत होतों, हें कबूल केलेलें बरें.

जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी न सुटल्यास तुरुंगाधिकाऱ्यानें जिल्हा विधि सेवा प्राधिकरणास कळवावें, असा सुप्रीम कोर्टाचा २०२३ चा आदेश आहे. तेव्हां अशा कैद्यांची संख्या दर जिल्ह्यांत कागदावर असलीच पाहिजे. ती दरमहा प्रसिद्ध करावी, अशी आमची प्राधिकरणास विनंति आहे. कैद्यांचीं नांवें गाळून ती छापण्यास या पत्रांत जागा विनामूल्य मिळेल. आणि ती वाचून बाजारपेठेंतील कोणी गृहस्थ जामीन राहण्यास तयार झाले, तर त्यांनीं आमच्या कचेरींत निरोप ठेवावा. कागदपत्रें आम्ही करून देऊं.